अँटिबायोटिकनंतर बिघडलेलं पोट: ताक, कॅप्सूल की ती छोटी बाटली?

निपाणीची_सून
नमस्कार मंडळी. मामंजींना (वय ६८) दाढेच्या गळवासाठी अँटिबायोटिक दिलं होतं. गळू बसलं, पण गोळ्या संपायच्या आधीच पोट बिघडलं. दिवसातून चारपाच वेळा पातळ होतंय. ताप नाही, रक्त नाही. मेडिकलवाल्याने आपणहून प्रोबायोटिक कॅप्सूलची पट्टी हातात ठेवली, "पोटातले चांगले जंतू परत येतील" म्हणाला. नणंद बेळगावात असते, ती म्हणते यकुल्ट द्या, ती जिवंत जीवाणूंच्या पेयाची छोटी बाटली. सासूबाई म्हणतात, "पैसे कशाला घालवायचे, घरचं ताक आहे की." आणि शेजारच्या अक्का म्हणतात हगवणीत ताक अजिबात नको. मामंजी सगळ्यांचं शांतपणे ऐकतात आणि काहीच घेत नाहीत. यातलं खरं काय, कुणी सांगेल का?

अनगोळचा_अण्णा
ताक. हिंग, जिरं, सैंधव. विषय संपला. आमच्या आज्ज्याने उभ्या जन्मात कॅप्सूल बघितली नाही.

रोखठोक_चिकोडी
अण्णा, तुमच्या आज्ज्याने अँटिबायोटिक तरी कुठं बघितलं होतं? प्रश्न त्याचा आहे.

जीवाणूबाई
मी कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते, डॉक्टर नाही, हे आधी सांगते.

सूनबाई, चौघांत एक गोष्ट कुणीच बोललं नाही: पाणी. अडुसष्टाव्या वर्षी चारपाच जुलाब म्हणजे आधी ओआरएस. डब्ल्यूएचओच्या सूत्राचं पाकीट घ्या, मोठं पाकीट असेल तर ते एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात एकदम पूर्ण घालायचं, अर्धंमुर्धं नाही, आणि चोवीस तासांत संपवायचं. उरलं तर फेकायचं. मामंजींना रक्तदाबाच्या किंवा लघवी वाढवणाऱ्या गोळ्या चालू असतील तर ज्यांनी दिल्या त्या डॉक्टरांना आजच फोन करा. आणि जुलाब बंद करणारी गोळी मनाने देऊ नका. अँटिबायोटिकनंतर क्लॉस्ट्रिडिओइडिस डिफिसिल नावाचा एक जीवाणू मोठ्या आतड्यात माजतो, त्यात अशी गोळी अपाय करू शकते. ताप आला, पोटात कळा वाढल्या, शौचात रक्त दिसलं तर थेट दवाखाना.

आता प्रोबायोटिक. २००१ साली एफएओ (संयुक्त राष्ट्रांची अन्न संघटना) आणि डब्ल्यूएचओच्या तज्ज्ञांनी व्याख्या केली: पुरेशा संख्येने घेतले असता घेणाऱ्याला फायदा देणारे जिवंत सूक्ष्मजीव. यात 'जिवंत', 'पुरेसे' आणि 'फायदा' या तिन्ही अटी आहेत आणि बाजारातला बराच माल कुठल्या ना कुठल्या अटीत अडकतो. फायदा वाणागणिक बदलतो. एकाच जातीचे दोन वाण, एक उपयोगी, दुसरा निरुपयोगी, असं होतं. दुकानात जाऊन नुसतं "तांदूळ द्या" म्हणून भागत नाही, बासमती की इंद्रायणी ते सांगावं लागतं, तसंच हे. पट्टीवर 'लॅक्टोबॅसिलस' एवढंच जीवाणूचं नाव लिहून पुढे वाणाचं नाव किंवा नंबर नसेल तर तिच्यावर कुठला अभ्यास लागू करायचा हे मलाच कळत नाही, मेडिकलवाल्याला कुठून कळणार?

निपाणीची_सून
बाई, ओआरएस सुरू केलं. पण दुकानात ओआरएस म्हणून रसाच्या खोक्यासारखं काहीतरी द्यायला लागला होता, ते घेतलं नाही.

जीवाणूबाई
बरं केलंत. त्या गोड पेयांत साखर भरमसाट आणि क्षार नावापुरते. आतड्यात साखर जास्त गेली की ती उलट पाणी ओढून घेते, जुलाब वाढतात. डब्ल्यूएचओच्या सूत्रात लिटरला १३.५ ग्रॅम ग्लुकोज आणि २.६ ग्रॅम मीठ असतं, कारण त्या प्रमाणात ग्लुकोज आणि सोडियम हातात हात घालून आतड्याच्या भिंतीतून आत जातात आणि मागोमाग पाणी ओढतात. ऑक्टोबर २०२५ मध्ये एफएसएसएआयने, म्हणजे आपल्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने, असल्या पेयांवर 'ओआरएस' शब्द छापायला बंदी घातली. तरी दुकानाच्या फळीवरचा जुना माल बघून घ्या.

गोळीवाला
मेडिकलवाल्यांना सरसकट नावं ठेवू नका हो, मीही काउंटरवर उभा असतो. अँटिबायोटिकच्या चिठ्ठीसोबत डॉक्टरच बऱ्याचदा लिहून देतात. गिऱ्हाईकही मागतं.

आमच्याकडे साधारण तीन तऱ्हेचा माल येतो. एक, लॅक्टोबॅसिलस आणि बायफिडो या जीवाणूंच्या कॅप्सूल आणि सॅशे. काही फ्रिजमध्येच ठेवायच्या असतात, काही बाहेर चालतात, पट्टीवर लिहिलेलं असतं. दोन, प्लॅस्टिकच्या छोट्या कुप्या, त्यात बॅसिलस क्लॉसाय. हे बीजाणू रूपात असतात, म्हणजे कवचबंद. पोटातलं आम्ल त्यांना फारसं बाधत नाही, फ्रिजही लागत नाही. ५ मिलीच्या कुपीत २०० कोटी. कुपी हलवायची, पाण्यात, दुधात किंवा रसात घालून पाजायची. ही टोचायची नव्हे, पण काही लोक सुई आणा म्हणतात, म्हणून सांगतो. तीन, सॅकरोमायसिस बुलार्डाय. हे जीवाणू नव्हे, यीस्ट आहे, त्यामुळे अँटिबायोटिकने मरत नाही. फ्लुकोनाझोलसारखी बुरशीवरची गोळी चालू असेल तर मात्र मरतं.

पहिल्या प्रकारचं असेल तर अँटिबायोटिकपासून दोनेक तास लांब ठेवा. एकाच घोटात दोन्ही घेतली तर पैसे देऊन आणलेले जीवाणू तुमच्याच गोळीने मारायचे.

आणि साठवण बघा. बेळगाव साडेसातशे मीटर उंचीवर, उन्हाळ्यातही रात्री गार. अथणी-रायबागच्या एप्रिलात बंद दुकानात दुपारी काय होत असेल ते सांगायला नको. फ्रिजचा माल फ्रिजमधून काढून दिलेला बघितल्याशिवाय घेऊ नका, आणि घरी नेताना गाडीच्या डिकीत ठेवून बाजारहाट करत बसू नका.

टिळकवाडी_नणंद
मीच ती यकुल्टवाली 😄 वहिनी, माझं नाव न घेता लिहिलंस तरी मला कळलं. पण ते तर जपानी संशोधन आहे ना?

जीवाणूबाई
आहे, आणि जुनं आहे. मिनोरू शिरोता यांनी १९३० साली त्यातला जीवाणूचा वाण वेगळा करून वाढवला, १९३५ मध्ये पेय बाजारात आलं. ६५ मिलीच्या बाटलीत भारतात ६५० कोटी जीवाणू असतात, आणि बाटलीवर वाण स्पष्ट लिहिलेला असतो, ही त्याची जमेची बाजू. पण ते गोड आहे, मामंजींना साखर असेल तर लेबल वाचूनच. आणि निरोगी माणसाने रोज पिणं वेगळं, जुलाब चालू असताना औषध म्हणून त्याच्यावर भिस्त ठेवणं वेगळं.

रोखठोक_चिकोडी
सगळे वाण, कुप्या, कोटी झाले. साधा प्रश्न: जुलाब थांबतात का? पुरावा आहे का?

जीवाणूबाई
थोडं लांब होईल, पण तुम्ही विचारलंत म्हणून.

लहान मुलांत, अँटिबायोटिक *सुरू असतानाच* जोडीने प्रोबायोटिक दिलं तर जुलाब लागण्याचं प्रमाण कमी होतं, हे बऱ्यापैकी ठरलेलं आहे. २०१९ च्या कॉक्रेन आढाव्यात (अनेक अभ्यास एकत्र करून तपासतात तो) ३३ अभ्यास, सहा हजारांवर मुलं. प्रोबायोटिक घेणाऱ्यांत ८ टक्क्यांना जुलाब झाले, न घेणाऱ्यांत १९ टक्क्यांना. म्हणजे नऊ मुलांना दिलं तर एकाचे जुलाब टळतात. बाकी आठांना एक तर होणारच नव्हते किंवा तरीही झाले.

म्हाताऱ्या माणसांचं चित्र वेगळं. २०१३ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात इंग्लंड-वेल्सचा मोठा अभ्यास आला, रुग्णालयातले ६५ वर्षांवरचे जवळजवळ ३,००० रुग्ण. लॅक्टोबॅसिलस-बायफिडोचं मिश्रण देऊन काहीच फरक पडला नाही. वयाने मामंजी बसतात ते या गटात. आणि हे दोन्ही अभ्यास जुलाब *टाळण्याचे* आहेत. त्यांचे तर आधीच सुरू झालेत.

साधा संसर्गाचा जुलाब, म्हणजे लग्नाच्या पंगतीनंतर मुलांना लागतो तो, त्यावर २०१८ साली अमेरिका आणि कॅनडात एकेक मोठी चाचणी झाली, मिळून अठराशेवर मुलं. प्रोबायोटिक आणि औषध नसलेली खोटी पुडी, दोन्ही गटांत मुलं सारखीच बरी झाली. तिथे ओआरएस आणि झिंकच. सहा महिन्यांवरच्या मुलाला रोज २० मिग्रॅ झिंक, १० ते १४ दिवस, जुलाब थांबले तरी पूर्ण करायचं. हे सरकारी दवाखान्यात फुकट मिळतं आणि नेमकं तेच लोक अर्धवट सोडतात.

उलट बाजूचाही एक अभ्यास सांगते, कारण "घेतलं तर नुकसान काय" हे वाक्य इथे येणारच आहे. २०१८ मध्ये इस्राएलच्या वाइझमन संस्थेत २१ निरोगी स्वयंसेवकांना अँटिबायोटिक दिलं. नंतर काहींना अकरा वाणांचं प्रोबायोटिक दिलं, काहींना काहीच नाही. ज्यांना काहीच दिलं नाही त्यांच्या आतड्यातली मूळची वस्ती लवकर सावरली. कॅप्सूलवाल्यांची महिनोन्महिने रेंगाळली. छोटा अभ्यास आहे, त्याच्यावर उडी मारू नका. पण मेडिकलवाल्याचं "चांगले जंतू परत येतील" हे वाक्य तिथे सरळ उलटं पडलं. परत यायचे ते तुमचे स्वतःचे. कॅप्सूलमधले पाहुणे बहुतेक वेळा मुक्कामच करत नाहीत, घेणं बंद केलं की थोड्या दिवसांत निघून जातात.

रोखठोक_चिकोडी
म्हणजे सगळं थोतांड.

जीवाणूबाई
नाही. ओडिशातल्या खेड्यांत साडेचार हजारांवर नवजात बाळांना एक निवडलेला लॅक्टोबॅसिलस प्लांटारम आणि त्याचं खाद्य असलेली साखर सात दिवस दिली. रक्तातला जंतुसंसर्ग आणि मृत्यू मिळून ९ टक्क्यांवरून ५.४ वर आले. २०१७ साली 'नेचर' या विज्ञान नियतकालिकात छापून आलं. आपल्या देशातलं काम आहे आणि त्याला थोतांड म्हणायची माझी छाती नाही. पण तेच जर कुणी कमी दिवसांच्या अगदी अशक्त बाळाला मनाने द्यायला गेलं तर घातही होऊ शकतो. अमेरिकेच्या अन्न-औषध प्रशासनाने (एफडीए) २०२३ मध्ये त्याबद्दल इशारा दिला. वाण कुठला, माणूस कोण, आजार कुठला, यावर सगळं आहे.

गोळीवाला
याला जोडून: केमो चालू असलेले, अवयव बदललेले, आयसीयूत मानेच्या मोठ्या शिरेत नळी असलेले, यांना यीस्टची सॅशे घरच्यांनी कौतुकाने आणून देऊ नये. ते यीस्ट रक्तात गेल्याच्या केसेस नोंदलेल्या आहेत. वॉर्डात सॅशे फाडली तरी पूड उडते.

अनगोळचा_अण्णा
ताकाचं कुणी बोलेना.

शहापूरच्या_काकू
मी बोलते की. पण आधी ताक कुठलं ते सांगा. पिशवीतलं का घरचं?

आमच्याकडं खानापूर बाजूच्या गवळ्याचं म्हशीचं दूध येतं. तापवून, करंगळी बुडवून सोसेल इतपत निवलं की विरजण लावायचं. विरजण नुसतं वरून टाकत नाही, आधी भांड्याच्या तळाला बोटानं फासायचं, मग दूध ओतायचं. लिटरला छोटा चमचा पुरे. जास्त घातलं की दही आंबट आणि पाणी सुटलेलं. डिसेंबरात बेळगावात सकाळी दात वाजतात, तेव्हा भांडं तांदळाच्या डब्यात पुरून ठेवायचं. तार सुटलेलं दही झालं की ते विरजण पुढं चालवायचं नाही, शेजारणीकडनं नवीन आणायचं. शेजारणीचंही तारेचं असलं तर हिरव्या मिरचीचे देठ दुधात टाकायचे; पहिलं दही कसंतरीच होतं, तिसऱ्या खेपेला बरं येतं.

ताक म्हणाल तर रवीनं घुसळून लोणी काढलेलं. दह्यात पाणी ओतून चमचा फिरवला ते ताक नव्हे.

जीवाणूबाई
काकूंची पोस्ट मी वर्गात वाचून दाखवणार. झाडपाल्यावर लॅक्टिक आम्ल करणारे जीवाणू मुळातच असतात, म्हणून देठाने विरजण लागतं. पहिल्या खेपेला कुणीही आलेलं असतं, पुढच्या खेपांत आम्ल सोसणारेच टिकतात. तार सुटते ती काही जीवाणू साखरेच्या लांब साखळ्या बनवतात म्हणून.

अण्णा, तुमच्या ताकात जिवंत जीवाणू भरपूर आहेत. फक्त ते कुठले, किती, हे घरागणिक आणि ऋतूगणिक बदलतं, म्हणून काटेकोर व्याख्येत त्याला प्रोबायोटिक म्हणत नाहीत. त्याने ताकाचं काही बिघडत नाही. दूध ज्यांना पचत नाही त्यांना दही पचतं, कारण त्यातले जीवाणू लॅक्टोज फोडायला मदत करतात. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने इतके दावे फेटाळले, पण जिवंत जीवाणूंच्या दह्याचा हा एक दावा २०१० मध्ये मान्य केला. स्टॅनफर्डमध्ये २०२१ साली ३६ निरोगी माणसांचा अभ्यास झाला, त्यात दही, केफिर, किमची असले आंबवलेले पदार्थ दहा आठवडे भरपूर खाणाऱ्यांच्या आतड्यातल्या जीवाणूंची विविधता वाढली.

गंमत म्हणजे दह्याचा हा सगळा बोलबाला ज्यांच्यामुळे झाला त्या शास्त्रज्ञ एली मेचनिकॉफ यांना १९०८ चं नोबेल मिळालं ते रोगप्रतिकारशक्तीच्या कामासाठी, दह्यासाठी नव्हे. बल्गेरियातले शेतकरी दह्यामुळे दीर्घायुषी होतात असं त्यांचं मत. स्वतः ते ७१ व्या वर्षी गेले.

टिळकवाडी_नणंद
पिशवीतल्या ताकाचं काय पण?

जीवाणूबाई
पिशवीवर बघा. खोक्यातलं, फ्रिजबाहेर महिनोन्महिने टिकणारं ताक असेल तर ते तापवलेलं आहे, जीवाणू मेलेले. चव आहे, पाणी आहे, मीठ आहे, एवढंच. फ्रिजमधलं दोनचार दिवसांच्या मुदतीचं असेल तर बहुतेक जिवंत. कढीतही जीवाणू उरत नाहीत. इडली-डोशाचं पीठ आंबतं ते जीवाणूंमुळेच, पण वाफेवर आणि तव्यावर ते संपतात. त्यामुळे "इडली प्रोबायोटिक आहे" असले फॉरवर्ड पुढे ढकलू नका. इडली पचायला हलकी आहे, तेवढं पुरे की. आपलं तेल-मिठातलं लोणचंही बहुतेक वेळा आंबवलेलं नसतंच.

भालकीचा_पाटील
बिदरकडून रामराम. आमच्याकडं बी हेच चालू हाय. मला वेगळं विचारायचंय. कधी पातळ, कधी घट्ट, जेवलं की पोट फुगतं, वर्षानुवर्षं. तपासण्या झाल्या, आयबीएस म्हणालेत, म्हणजे आतड्याचं काम बिघडलेलं पण तपासणीत काही सापडत नाही. एकानं महागाची पट्टी कायमची चालू करा म्हणून सांगितलंय. करावी का?

जीवाणूबाई
पाटील, कायमची नको. आयबीएसमध्ये मतं फाटलेली आहेत. ब्रिटिश तज्ज्ञ म्हणतात बारा आठवड्यांपर्यंत एक उत्पादन घेऊन बघा, फरक नसेल तर सोडा. अमेरिकेतली पोटविकारतज्ज्ञांची संघटना तर चाचणीबाहेर देऊच नका म्हणते. घ्यायचीच असेल तर एका वेळी एकच, आणि वहीत रोजचं लिहून ठेवा, नाहीतर जरा बरं वाटलं की श्रेय पट्टीला आणि बिघडलं की दोष भजीला. वजन घटत असेल, रक्त पडत असेल, किंवा रात्री झोपेतून उठून जावं लागत असेल तर ते आयबीएस म्हणून सोडून देऊ नका, पुन्हा दाखवा.

गोळीवाला
पाटील, आणि पाकिटावर 'औषध' आहे की 'अन्नपूरक' ते बघा. अन्नपूरकाला एफएसएसएआयचा नियम असा की दिवसाच्या मात्रेत निदान १० कोटी जिवंत जीवाणू हवेत. ही संख्या तयार करतानाची की मुदत संपेपर्यंतची हे ज्याने छापलंय तो जरा प्रामाणिक. कोट्यवधींचा आकडा मोठा म्हणून माल चांगला असं मात्र नाही, काउंटरवर सगळ्यात जास्त तोच आकडा विकला जातो.

निपाणीची_सून
मंडळी, अपडेट. दंतवैद्यांना फोन केला. त्यांनी राहिलेल्या दोन गोळ्या घ्यायची गरज नाही म्हणून सांगितलं, आणि आमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे पाठवलं. त्यांनी पोट तपासलं, रक्तदाब बघितला. ओआरएस चालू ठेवा, दोन दिवसांत आटोक्यात आलं नाही तर शौचाची तपासणी करू म्हणाले. कॅप्सूलचं विचारलं तर "घेतलीत तरी हरकत नाही, नाही घेतलीत तरी चालेल" असं उत्तर! पट्टी परत केली. ताक चालेल म्हणाले, पातळ आणि ताजं, पण त्यानं जुलाब वाढले तर थांबायचं. सासूबाई तेव्हापासून हवेत आहेत. शेजारच्या अक्कांना अजून सांगितलेलं नाही.

आज दोनदाच झालं. मामंजींना भूक लागली आहे, ज्वारीच्या ताककण्या मागतात.

अनगोळचा_अण्णा
😌

रोखठोक_चिकोडी
अण्णा, उगीच हसू नका, ओआरएसने आटोक्यात आलंय.

निपाणीची_सून
कण्या ताकात शिजवल्या तर जीवाणू मरतील ना? मग कशा करायच्या?

जीवाणूबाई
मरतील. कण्या पाण्यात मऊ शिजवा, कोमट होऊ द्या, मग वरून ताक घाला. ज्वारीचा तंतुमय भाग आतड्यातल्या तुमच्या मूळ जीवाणूंचं खाणं आहे, ते मात्र शिजूनही टिकतं. पहिल्या दिवशी वाटीभरच द्या.

शहापूरच्या_काकू
आणि फोडणी ताकाला नाही, कण्यांना द्यायची, लसूण कमी. शेंगाची चटणी चारआठ दिवस दाखवायची पण नाही, म्हातारी माणसं हात घालतात.